खंडाळ्याच्या टोकावरचा सूर्योदय

१४ फेब्रुवारी १९३४, राखेचा बुधवार

आजपासून लेंट सुरू झाला. ईस्टरपर्यंतचा हा उपवासाचा काळ या वर्षी पूर्ण निष्ठेने पाळायचा असे ठरवले आहे, आणि निष्ठा मध्येच ढेपाळू नये म्हणून ही दैनंदिनी. लोणावळ्याच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत मी मिशनशाळेचा हेडमास्तर आणि ज्येष्ठ पंच. पाद्रीसाहेब पुण्याहून महिन्यातून एकदाच येतात. एरवी लोकांनी आदर्श म्हणून पाहायचे तर माझ्याकडेच पाहावे लागते.

प्रत्येकाने आपल्याला आवडणारी एक गोष्ट ईस्टरपर्यंत सोडावी, असे पाद्रीसाहेब सांगून गेले आहेत. मी चहा सोडला. लीलाबाई, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली, "चहा कशाला सोडता? राग सोडा की." मी तिला शांतपणे समजावले, की सोडायची ती आवडती गोष्ट. राग मला मुळीच आवडत नाही, तो मला येतो. मग तो सोडण्यात त्याग कसला? मुद्देसूद बोलले की ती गप्प बसते.

१७ फेब्रुवारी

डोके दुखते आहे. तिसरीचा सबंध वर्ग बाकावर उभा केला. कशासाठी ते आता आठवत नाही, पण तेव्हा कारण होते.

पाद्रीसाहेबांचा निरोप आला. ईस्टरला सकाळी प्रभुभोजनाच्या विधीला ते पुण्याहून येतील, पण पहाटेची उपासना आणि प्रवचन या वर्षी मी करावे! इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली ते काम चालून आले आहे. दरवर्षी आम्ही पहाटे दिवे घेऊन कब्रस्तानात जातो, गीत म्हणतो आणि थंडीने कुडकुडत घरी येतो. या वर्षी तसे होणार नाही. डोंगरावर उघड्या आकाशाखाली उभे राहू आणि नेमका सूर्य वर येताना मी म्हणेन, "प्रभू उठला आहे!" आणि सगळे एका आवाजात उत्तर देतील, "खरोखर उठला आहे!" ऐकून पाद्रीसाहेबांना पुण्यात बसल्या जागी पश्चात्ताप झाला पाहिजे.

२४ फेब्रुवारी

दोन दिवस घरी माझा मीच होतो. गुरुवारी संध्याकाळी बयाबाई धावत आली आणि लीलाबाईच्या कानात काही बोलली. दोघी होत्या तशा खंडाळ्याला निघून गेल्या. बयाबाई ही आमच्या मंडळीतली म्हातारी, मूळची कार्ल्याकडची. चर्च झाडते आणि एरवी मावळभर बाळंतपणे करत हिंडते. लीलाबाई जाताना एवढेच म्हणाली, की खंडाळ्याच्या एका बहिणीला तिची गरज आहे.

आज परतली. रात्रभर जागलेली दिसत होती, पण चेहरा असा उजळलेला की मी पाहतच राहिलो. निष्काम सेवेने माणसाच्या चेहऱ्यावर असे तेज येते. मी तसे म्हटले, तर ती हसली आणि डोळे पुसत आत गेली. लेंटचा परिणाम माझ्यापेक्षा तिच्यावर जास्त होतो आहे असे वाटते. थोडा हेवा वाटला.

१ मार्च

आता दर गुरुवारी लीलाबाई खंडाळ्याला बहिणींच्या प्रार्थनासभेला जाणार आहे. शिवाय त्या आजारी बहिणीची सेवा आहेच. आज तिने डिंकाचे लाडू केले. घरभर तुपाचा वास, आणि मी चहापाठोपाठ गोडही सोडलेले. विचारले तर म्हणाली, "त्या बिचारीच्या अंगात शक्ती नाही." हळिवाची खीरही करून नेली.

माझी दोन जुनी धोतरे दिसत नाहीत. मऊ झालेली, तांबड्या काठाची, माझ्या आवडीची. ती म्हणाली, गरिबांना दिली. मी म्हटले, गरिबांना नवी द्यावीत, मऊ झालेली आपण नेसावीत. तर म्हणाली, "काही गरिबांना मऊच लागतात."

८ मार्च

जागा ठरली.

माझ्या मनात कार्ल्याचा डोंगर होता. लीलाबाईने विचारले, म्हाताऱ्या माणसांना अंधारात डोंगर चढवायचा कसा? त्यापेक्षा खंडाळ्याचे टोक बरे. वाट सपाट, खाली सगळी दरी, समोर डोंगरांच्या रांगा. आणि मग विणकामातून मान वर न करता म्हणाली, "आठवतं का, लग्न झाल्यावर आपण तिथं बसलो होतो?"

आठवत नाही कसे! तिचे मामा तिथल्या एका बंगल्यात बटलर होते. लग्नानंतर आम्ही त्यांच्याकडे उतरलो होतो. टोकावरच्या दगडावर आम्ही दोघेच बसलो होतो आणि समोर दरीपलीकडे सूर्याचा लालबुंद गोळा! तसा सूर्योदय मी पुन्हा पाहिला नाही. मी म्हटले, "लीला, तोच सूर्योदय. ईस्टरला साऱ्या मंडळीला तो दाखवायचा." ती म्हणाली, "तुमची इच्छा असेल तर तिथंच करू." तिने आजवर माझी एकही सूचना इतक्या चटकन मान्य केली नव्हती.

ती अगदी बोटभर मोजे विणत होती. इतके लहान कुणाच्या पायाला येणार, असे विचारले. म्हणाली, अजून पुरे व्हायचेत.

११ मार्च, रविवार

उपासनेनंतर मी जागा जाहीर केली आणि जे झाले त्याने मन खिन्न झाले. हल्लीच्या लोकांत श्रद्धा म्हणून उरलेली नाही.

प्रथम बयाबाई उठली. "मास्तर, टोकावर? तितं तर सूर्य मावळतो."

मी म्हटले, "बयाबाई, मी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे."

कोंडाजी बाहेर बैल सोडून बसला होता. हा आमच्या मंडळीतला नव्हे, शेजारच्या वाडीतला शेतकरी. म्हाताऱ्यांना न्यायला त्याची गाडी सांगितली आहे. तो पायरीवरूनच बोलला, "मास्तर, मी हितंच जलमलो. टोकाचं त्वांड कोकणाकडं हाय. उगवतीला पाठ करून उभं ऱ्हायल्यावर उगवता दिसंल कसा?"

मी शांतपणे सांगितले, की घाटात रेल्वेसुद्धा इतकी वळणे घेते की माणसाला पूर्व कुठली नि पश्चिम कुठली ते कळत नाही. दरीही तशीच वळते. दिशांचे शास्त्र मी सबंध शाळेला शिकवतो. तरी कुजबुज थांबेना. शेवटी मी म्हटले, "लीलाबाई, तूही होतीस ना तिथे?"

ती उठून उभी राहिली आणि साऱ्यांदेखत म्हणाली, "होते की. सूर्य अगदी समोर होता."

विषय संपला. दोन साक्षीदारांच्या तोंडून ठरलेली गोष्ट पवित्र शास्त्रालाही मान्य असते. बयाबाई मात्र लीलाबाईकडे बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून खाली बसली. तिला खोकला झाला असावा.

घरी आल्यावर शाळेचा नकाशा मुद्दाम काढून पाहिला. त्यात खंडाळ्याचे टोक दाखवलेलेच नाही. म्हणजे नकाशा माझ्या विरुद्ध नाही.

१८ मार्च, रविवार

पुकारा आणि उत्तर यांची तालीम घेतली. मी "प्रभू उठला आहे" म्हणायचे आणि मग सगळ्यांनी "खरोखर उठला आहे" म्हणायचे. यात अवघड ते काय? पण मी तोंड उघडायच्या आत बयाबाई मोठ्यांदा "खरूखर उटला हाय!" म्हणून मोकळी होते. तीनदा घेतले, तिन्ही वेळा तेच. मी म्हटले, "बयाबाई, आधी मी सांगायचे, मग तुम्ही."

"पर मला म्हाईत हाय की, मास्तर. मग थांबू कशापायी?"

चहा असता तर याला चांगले उत्तर सुचले असते.

पेटी वाजवायला कोणी नाही. गेल्या ईस्टरलाही नव्हते, त्याआधीच्याही नव्हते. यावर अधिक लिहीत नाही.

२३ मार्च

प्रवचनाचे सात मुद्दे काढले. विषय, रिकामी कबर आणि मरिया. पहाटे अंधारात ती कबरेशी येते, आत पाहून रडते, मग मागे वळते. प्रभू मागे उभा असतो, पण ती त्याला माळी समजते. तो तिला नावाने हाक मारतो आणि तिला ओळख पटते.

तिसरा मुद्दा फार जोरदार झाला आहे. बायकांनी धावत येऊन खरे ते सांगितले, पण शिष्यांनी ती बायकांची बडबड म्हणून उडवून लावली! केवढी ही मंदबुद्धी, केवढा हा पुरुषी ताठा! हे लिहीत असतानाच बयाबाई दारात येऊन उभी राहिली. "मास्तर, अजून येळ हाय. कार्ल्याकडंच जाऊ. उगाच तुमची शोभा हुईल." हिला पूर्व-पश्चिम काय कळते? तिला वाटेला लावले आणि तिसरा मुद्दा पुरा केला.

पाचव्या मुद्द्याशी अडलो आहे. इतक्या जवळचे माणूस समोर उभे असताना मरियेला ओळखू का आले नाही? अंधार म्हणावा तर बोलण्याइतकी ती जवळ होती. अश्रू म्हणावे तर अश्रूंतून माणूस पुसट दिसेल, माळी कसा दिसेल? जागा कोरी ठेवली.

सातवा मुद्दा, पुनरुत्थानाचा आनंद. तीही जागा कोरी आहे. "आनंद" हा शब्द लिहून मी दिव्याकडे पाहत बसलो. सांगण्यासारखे पुष्कळ आहे, ते सगळे मी इतरांच्या प्रवचनांत ऐकले आहे. माझे म्हणून काही सुचत नाही.

या घरात एक नाव घेतले जात नाही. आमच्या एकुलत्या एक मुलीने दोन वर्षांपूर्वी एका रोमन कॅथलिक फिटरशी, त्यांच्या देवळात जाऊन, लग्न केले. मी त्याच दिवशी सांगितले, की हे दार तिला बंद. तो कुठे खंडाळ्याला की कसे रेल्वेत आहे असे कानावर आले, मी चौकशी केली नाही. खंडाळा मोठे आहे. त्याचे नाव या वहीत येणार नाही. तिचे नाव मी शास्त्रातल्या रूथवरून ठेवले होते, जी सासरच्या माणसांना म्हणाली, तुम्ही जाल तिथे मी येईन. पोरीने नेमके तेवढेच मनावर घेतले.

नाव लिहिले गेले. खोडले तर पान खराब दिसेल, म्हणून राहू देतो.

२५ मार्च, झावळ्यांचा रविवार

मिरवणूक झाली. मुलांनी झावळ्यांनी मारामारी केली. पुढच्या रविवारी एक एप्रिल येतो, यावर शाळेत फार खुसफूस चालली आहे. मी बजावले, की ईस्टरच्या दिवशी एप्रिल फूल करणाऱ्याची गय केली जाणार नाही.

३० मार्च, उत्तम शुक्रवार

दुपारी वधस्तंभाची उपासना झाली. घरी आलो तर लीलाबाई आत निजली होती. ईस्टरला कोणी वाजवणारा मिळालाच तर चर्चमध्ये न्यावी, म्हणून पेटीवरची खोळ काढली. भाते धुळीने भरलेले. एका बोटाने ईस्टरच्या गीताची पहिली ओळ वाजवून पाहिली. ती तिला सातव्या वर्षी मीच शिकवली होती. तिची बोटे पुरत नसत, म्हणून वरचा स्वर मी दाबत असे.

आत लीलाबाईच्या बांगड्या वाजल्या. ती जागीच होती. बाहेर आली नाही आणि मीही आत गेलो नाही.

मला रूथची आठवण येते. झाले, लिहिले. पण मी दार बंद केले आहे, आणि पंचाने एकदा बंद केलेले दार स्वतः उघडले तर लोक काय म्हणतील? देवाने कबरेवरचा धोंडा लोटायला देवदूत पाठवला होता. माझ्या दारावर धोंडा नाही, साधी कडी आहे. तीच निघत नाही.

३१ मार्च, शनिवार

उद्या! कोंडाजी गाडीचे ठरवायला आला. त्यांच्याकडे आज मारुतीचा जन्म, तो पहाटेच होतो. प्रसादाचा सुंठवडा देऊन म्हणाला, "आज आमच्या देवासाटी उटलो, उद्या तुमच्या. सूर्याला बी दोन दिस सवड न्हाई. पर मास्तर, उद्या बैल कुण्या तोंडानं उभं करू?"

"दरीकडे तोंड करून," मी म्हटले.

"बरं. बैलांना काय, त्यास्नी कुटलंबी चालतंय."

लीलाबाईने चहाची पूड, साखर, दोन मोठी पातेली आणि कपांची टोपली गाडीत भरली. तिथे चूल कुठली, असे मी विचारले. म्हणाली, "देव देईल." तिची श्रद्धा पाहून मी खरोखर थक्क झालो.

१ एप्रिल १९३४, ईस्टर

सगळे क्रमाने लिहितो.

पहाटेच निघालो. पुढे दिवे, मध्ये गाडी, मागून आम्ही गीत म्हणत. पौर्णिमा नुकतीच झालेली, चांदणे लख्ख. टोकावर पोहोचलो तेव्हा झुंजूमुंजू होत होते. मागच्या बंगल्याची बाग, बागेपलीकडे रेल्वेच्या चाळीचे दिवे, समोर दरी. मी सर्वांना दरीकडे तोंड करून ओळीने उभे केले आणि स्वतः सगळ्यांच्या पुढे, कड्याशी, जाऊन उभा राहिलो.

प्रवचन सुरू केले. पहिला मुद्दा झाला, दुसरा झाला. आकाश उजळू लागले. मी समोर हात करून म्हणालो, "आणि आता पाहा! अंधार फाटतो आहे आणि तिथून—"

तिथे चंद्र होता. दरीपलीकडच्या डोंगरांवर, फिकट, वाटोळा, आणि स्पष्टपणे खाली चाललेला.

मी थांबलो. मागे कोणीतरी फिसकन हसले. मी तिसरा मुद्दा घेतला, शिष्यांच्या मंदबुद्धीचा, आणि माझे मलाच ऐकू येऊ लागले. बायकांनी खरे ते सांगितले होते. मी आवाज चढवला. तेवढ्यात समोरच्या कड्याचा माथा सोन्यासारखा पिवळा झाला, मग सबंध कडा, आणि आम्हा सगळ्यांच्या सावल्या पायांपासून निघून लांबच लांब दरीत पडल्या. माझी सावली सर्वांत पुढे, हात वर केलेली.

"एप्रिल फूल!" चौथीच्या रांगेतून आरोळी आली. मग कोणालाच आवरेना. पंच हसले, पंचांच्या बायका हसल्या, गाडीजवळ कोंडाजी बैलाच्या गळ्यात पडून हसत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंड वळवावे तर हसणारी मंडळी, न वळवावे तर मावळता चंद्र. या वयात, या मानाच्या जागी, माझी अशी फजिती कधी झाली नव्हती. कडा समोर होता, पण ईस्टरच्या दिवशी ते बरे दिसले नसते.

बयाबाई तेवढी हसत नव्हती. ती पुढे आली आणि हळूच म्हणाली, "मास्तर, मागं वळा की."

मी वळलो. सूर्य थेट डोळ्यांत आला. बंगल्याच्या बागेवर तो नुकताच आला होता आणि मला त्या उजेडात काही म्हणता काही दिसेना. मंडळी बाजूला सरून मध्ये वाट झाली होती आणि वाटेत एक बाई उभी होती, डोक्यावर पदर, हातात कसलेसे गाठोडे. बंगल्याची माळीण हसण्याचा आवाज ऐकून आली असावी असे मला वाटले. मी रागातच म्हणालो, "बाई, जरा बाजूला सर. इथे उपासना चालली आहे."

ती सरली नाही. गाठोडे हलले. तांबड्या काठाचे मऊ धोतर मी लांबूनही ओळखले. माझे धोतर या माळणीकडे कसे, एवढेच मनात आले, आणि तेवढ्यात ती म्हणाली,

"बाबा."

पुढचे मला नीट सांगता येणार नाही. सात मुद्द्यांचा कागद हातातून सुटून दरीत गेला, असे लोक सांगतात. मी "रूथ" म्हणालो हे नक्की. मी रडलो हेही नक्की, कारण चष्मा पुसायला लीलाबाईने पदर दिला. मग ते गाठोडे माझ्या हातात आले. त्यात माझा नातू होता, सव्वा महिन्याचा, पायांत बोटभर मोजे घातलेला. त्याने माझ्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि असे भोकाड पसरले की दरी घुमली.

"म्या काढला त्याला, मास्तर," बयाबाई म्हणाली. "तुमच्यागतच वरडत आला."

सगळे मी पुकारा द्यायची वाट पाहत होते. इतके दिवस घोटलेली तीन शब्दांची ती ओळ तशीच राहिली. मी नुसता उभा होतो, पोर हातात आणि सूर्य तोंडावर. तेव्हा बयाबाईने, मी काहीच म्हटले नसताना, आपल्या नेहमीच्या सवयीने दोन्ही हात वर केले आणि टाहो फोडला, "खरूखर उटला हाय!"

आणि सारी मंडळी तिच्यामागून म्हणाली. या वेळी कोणीही घाई केली असे मला वाटले नाही.

चूल देवाने आधीच देऊन ठेवली होती. ती रेल्वेच्या चाळीत, रूथच्या दारात पेटलेली होती, आणि तिच्यावर पाणी उकळत होते. सबंध मंडळी चाळीच्या अंगणात चहाला बसली. म्हणजे आज काय होणार हे माझ्याखेरीज सर्वांना ठाऊक होते. सूर्य कुठे उगवणार तेही सर्वांना ठाऊक होतेच. बयाबाईला मी विचारले, की हे कारस्थान तुला कधी कळले? ती म्हणाली, लीलाबाईंनी सभेत "सूर्य समोर होता" म्हटल्यावर. तरी मन राहिना, पुन्हा सांगायला आले, तर तुमी हाकललं.

चहा जावयाने आणून दिला. काळासावळा, उंच, ताठ उभा राहणारा माणूस आहे. बशीत चहा सांडत होता. मी कप घेतला. लेंटनंतरचा पहिला घोट. रोमन माणसाच्या हातचा असूनही चहा उत्तम होता, आणि मी तसे बोललो. तो हसला. मग मी त्याला त्याचे नाव विचारले. मला ते दोन वर्षे ठाऊक होते, पण त्याच्या तोंडून ऐकायचे होते.

पास्कोल. इथे लिहून ठेवतो.

पुढे लोणावळ्याला पाद्रीसाहेबांच्या उपासनेला रूथ आमच्याबरोबर आली आणि कोणी न सांगता पेटीवर जाऊन बसली. गीत सुरू झाले तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो. तिची बोटे आता पुरतात, तरी वरचा स्वर मी दाबला. पाद्रीसाहेबांनी विचारले, पहाटेचे प्रवचन कसे झाले? मी म्हटले, तीन मुद्दे झाले, पुढचे मला दाखवण्यात आले. जावयाचे नाव ऐकून ते हसले. गोव्याकडे पास्कोल म्हणजे ईस्टरचा, असे म्हणाले. इतके दिवस मी कोणाचे नाव घ्यायचे नाकारत होतो, हे तेव्हा ध्यानात आले.

पाचव्या मुद्द्याचेही उत्तर मिळाले, पण कागद दरीत गेला, म्हणून इथे लिहितो. मरिया वेंधळी नव्हती. ती सबंध वेळ अंधाराकडे तोंड करून उभी होती आणि एकदम वळली. उजेड डोळ्यांत गेला की माणूस दिसत नाही, तो ऐकावाच लागतो.

सातव्या मुद्द्याबद्दल काही लिहायचे उरले नाही. तो आता आतल्या खोलीत माझ्या धोतरात निजला आहे. रूथ चार दिवस राहणार आहे. बाप्तिस्मा आमच्याकडे की त्यांच्या देवळात, हा विषय जेवताना निघाला होता आणि मला राग येऊ लागला होता. लीलाबाईने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. तो विषय उद्या.

नाही म्हणायला एक गोष्ट मनात सलत होती. लीलाबाई भांडी विसळत होती तेव्हा मी तिला गाठले आणि विचारले, "लीला, खरे सांग. लग्नानंतर आपण टोकावर पाहिला, तो सूर्योदय नव्हता?"

"संध्याकाळ होती हो ती. दिवेलागणीला उशीर झाला म्हणून मामी मला बोलल्यासुद्धा."

"मग बावीस वर्षांत एकदाही मला सांगितले का नाहीस?"

ती पातेले पालथे घालत म्हणाली, "तुम्ही सूर्याकडं बघतच नव्हता. माझ्याकडं बघत होता. आणि म्हणालात, 'लीला, उजाडलं!' मी कशाला नाही म्हणू?"